यूएसबी प्रिंटर लिनक्सवर प्रिंट देत नाही तेव्हा: सपोर्टच्या कामात नवीन असणाऱ्यांसाठी

लिनक्स सपोर्टला नवीन आलेल्यांना मी प्रिंटरची केस मुद्दाम देतो, कारण त्यात यूएसबी, सर्व्हिस, परमिशन, लायब्ररी, लॉग सगळंच एकदम हाताखालून जातं. आणि बहुतेक जण सुरुवात एकाच ठिकाणी करतात, ड्रायव्हर काढायचा, परत टाकायचा, नाही चालला की नेटवरून दुसरा आणायचा, मग एकाच प्रिंटरच्या तीन-चार रांगा (जॉब, म्हणजे प्रिंटची कामं, जिथे साठतात त्या नोंदी) होतात आणि डीफॉल्ट कुठली हे कुणालाच माहीत नसतं. असं करू नका. तक्रार एकच असली, "प्रिंट येत नाही", तरी जॉब अडकायच्या जागा वेगवेगळ्या असतात: कर्नलला (लिनक्सच्या गाभ्याला) प्रिंटर दिसतच नाही, दिसतो पण रांग बंद पडलीय, रांग चालू आहे पण फिल्टर (फाइल प्रिंटरला कळेल अशा भाषेत बदलणारा प्रोग्रॅम) मरतोय, किंवा सगळं नीट पोचलंय आणि प्रिंटरच रुसून बसलाय. यातलं नक्की काय ते कळेपर्यंत ड्रायव्हरला हात लावायचा नाही.

केबलचा भाग पटकन उरका. टर्मिनलमध्ये डीमेसेज (कर्नलचे संदेश दाखवणारी कमांड) चालू ठेवा, केबल काढून परत लावा, ओळी आल्या का बघा. एलएसयूएसबीमध्ये (जोडलेल्या यूएसबी उपकरणांची यादी देणारी कमांड) प्रिंटर दिसला तर बरं, नाही दिसला तर हब काढून थेट पोर्टला लावा, केबल बदला. व्हर्च्युअल मशीन असेल तर यूएसबी आत दिलंय का तेही बघा. एक मात्र लक्षात ठेवा, जुन्या गाइड्समध्ये डेव्ह फोल्डरातली एलपी-झिरो फाइल शोधायला सांगतात, ती नसली म्हणून घाबरू नका, आजकाल कप्सचा (लिनक्सची प्रिंटिंग सर्व्हिस) यूएसबी बॅकएंड, म्हणजे प्रिंटरला डेटा पाठवणारा भाग, लिबयूएसबी या लायब्ररीतून थेट बोलतो, त्याला ती फाइल लागत नाही.

मग कप्स. हे १९९९ मध्ये आलं आणि आजही लिनक्सवरचं जवळपास सगळं प्रिंटिंग याच्यातूनच जातं, त्यामुळे हे शिकून ठेवलेलं वाया जात नाही. टर्मिनलमध्ये एलपीस्टॅट मायनस टी ही कमांड मारा. सर्व्हिस चालू आहे का, डीफॉल्ट कोण, कुठली रांग कुठल्या पत्त्यावर जाते, कुठले जॉब पडून आहेत सगळं एका स्क्रीनवर येतं. इथेच निम्म्या केसेस संपतात, कारण डिस्ट्रोने बदललं नसेल तर कप्सचा मूळ नियम असा की जॉब फसला की प्रिंटरच थांबवायचा, आणि मशीन रीस्टार्ट केलं तरी तो थांबलेलाच राहतो. वापरणारा बिचारा परत परत प्रिंट देत बसतो, जॉब साठत जातात आणि एक दिवस कुणीतरी रांग चालू केली की एकच पत्र वीस वेळा बाहेर येतं. म्हणून आधी कॅन्सल मायनस ए ने रांग रिकामी करा (विचारून, हं), मग कप्सएनेबलने रांग परत चालू करा. ब्राउझरमध्ये लोकलहोस्टच्या ६३१ पोर्टवरूनही हेच होतं, ज्यांना टर्मिनलची भीती वाटते त्यांना तेच दाखवा.

रांग चालू, पण जॉब "प्रिंटर उपलब्ध होण्याची वाट बघतोय" म्हणून लटकलाय आणि एलएसयूएसबीमध्ये तर प्रिंटर व्यवस्थित दिसतोय, अशी केस आली की मी आधी आयपीपी-यूएसबी चालू आहे का बघतो. हे डेबियन ११ पासून कप्सबरोबर येऊ लागलं, नवीन प्रिंटर यूएसबीवर असले तरी त्यांना नेटवर्क प्रिंटरसारखं वागवतं, ड्रायव्हर लागतच नाही. छान गोष्ट आहे, पण ते प्रिंटर स्वतःच्या ताब्यात घेतं आणि तुमच्या जुन्या रांगेचा पत्ता यूएसबीने सुरू होत असेल तर तिला दार बंद. लोकलहोस्टचा ६०००० पोर्ट उघडून बघा, प्रिंटरचं स्वतःचं वेबपेज आलं तर समजून जा. जुनी रांग उडवा, ड्रायव्हरलेस नवीन करा. काही प्रिंटर मात्र या पद्धतीत विचित्र वागतात, त्यांच्यासाठी ती सर्व्हिस बंद करून जुनाच रस्ता धरलेला परवडतो.

"फिल्टर फेल्ड" आलं तर लॉगशिवाय पर्याय नाही. कप्सकंट्रोल (कप्सची सेटिंग बदलणारी कमांड) वापरून डीबग लॉगिंग, म्हणजे सविस्तर नोंदी, चालू करा, एकच जॉब द्या, मग व्हार-लॉगमधल्या कप्स फोल्डरातली एरर लॉग वाचा, तीही खालून वर नाही, त्या जॉबच्या नंबरपासून पुढे. एकदा लॉगमध्ये येत होतं की फिल्टरने बोलावलेली फाइल सापडत नाही, आणि फाइल तर समोर दिसतेय, परमिशनही बरोबर! फाइल कमांडने बघितलं तर ती ३२ बिटची निघाली, मशीन ६४ बिटचं, ३२ बिटचा लोडरच (प्रोग्रॅम सुरू करून देणारी फाइल) नव्हता, आणि लोडर नसला तरी लिनक्स तीच "फाइल नाही" ओरड करतं. ३२ बिटच्या लायब्ररी टाकल्या, पान आलं. कंपन्यांच्या जुन्या ड्रायव्हर पॅकेजमध्ये हे हमखास भेटतं.

एचपीच्या लेझरजेट १०२० सारख्या मॉडेल्सची वेगळी तऱ्हा, त्यांचं फर्मवेअर (प्रिंटर चालवणारं आतलं सॉफ्टवेअर) प्रिंटरमध्ये कायम राहत नाही, दर वेळी ऑन केल्यावर मशीनकडून पाठवावं लागतं, त्यासाठी एचपीलिपचं (एचपीचं लिनक्ससाठीचं प्रिंटर सॉफ्टवेअर) प्लगइन लागतं, आणि प्लगइन व एचपीलिप एकाच व्हर्जनचे हवेत. अपडेटनंतर अचानक बंद पडलं तर एचपी-प्लगइन ही कमांड परत चालवा.

सगळं हिरवं आहे, जॉब "पूर्ण" म्हणतोय, पण प्रिंटरचा दिवा नुसता लुकलुकतोय? पेपर साइज बघा. रांगेत लेटर आणि ट्रेमध्ये ए-फोर असेल तर बरेच प्रिंटर तोंडातून शब्द न काढता लेटरचा कागद यायची वाट बघत राहतात.

रांग बनवताना "ड्रायव्हर डेप्रिकेटेड आहेत" (म्हणजे पुढे बंद होणार) अशी वॉर्निंग येईल, ती कप्सच्या पुढच्या व्हर्जनबद्दल आहे, आजच्या तुमच्या प्रॉब्लेमचा तिच्याशी संबंध नाही. आणि काम झालं की डीबग लॉगिंग बंद करा, नाहीतर लॉग विनाकारण फुगत राहतो.