रिकामं करण्याची नोटीस दिल्यावर भाडं घ्यायचं का? घ्यायचं तर कसं?

नोटिशीची मुदत संपली, भाडेकरू जागेवरच आहे आणि एक तारखेला फोनवर पैसे जमा झाल्याचा मेसेज आला. नोटीस बाद होईल या धास्तीने बरेच घरमालक पैसे परत पाठवतात. त्याची गरज नाही. पैसे घ्या, पण कशाचे म्हणून घेतले ते त्याच दिवशी लेखी द्या.

आधी कागद काढून बघा. लातूरला शिकवणीच्या पोरांना दिलेल्या खोलीचा लिव्ह अँड लायसन्स करार नोंदणीकृत असेल, तर मुदत संपल्यावर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो आणि पुढच्या दिवसांची दुप्पट दराने भरपाई मागता येते.

जुन्या भाडेकरूचं तसं नाही. मराठवाड्यात २००० पर्यंत हैदराबादचा १९५४ चा घरभाडे कायदा होता. आता १९९९ च्या कायद्याचं संरक्षण आहे. तिथं नुसत्या नोटिशीने भागत नाही. स्वतःची गरज, पोटभाडेकरू, थकबाकी असं कारण कोर्टात सिद्ध करावं लागतं. थकबाकीसाठी लेखी मागणी करून ९० दिवस थांबावं लागतं, आणि त्या दिवसांत त्याने आणलेले पैसे नाकारले तर ‘मी द्यायला तयार होतो’ हा बचाव तुम्हीच त्याच्या हाती देता.

नोटीस सोडून दिल्याचा, म्हणजे मालकाने तिच्यावरचा हक्क स्वतःच सोडल्याचा, वाद खरा पेटतो तो मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ लागू असतो तिथं: बँकेला दिलेला गाळा, किंवा भाडे नियंत्रण कायदा लागू नसलेलं गाव. महिन्याच्या भाड्याला, करारात वेगळं नसेल तर, कलम १०६ प्रमाणे १५ दिवसांची नोटीस लागते. दिवस मोजायचे ती मिळाल्यापासून. ३ जुलैला मिळाली, तर १८ जुलैला मुदत संपली. तोवरचं थकलेलं भाडं ‘भाडं’ म्हणूनच घ्या. खरं जपायचं ते पुढच्या दिवसांच्या पैशाला. मुदतीनंतरचं भाडं घेतलं की नोटीस सुटली, असं उदाहरणच याच कायद्याच्या कलम ११३ खाली आहे. मात्र सरूप सिंग गुप्ता खटल्यात (२००६) सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की नुसते पैसे घेणं पुरेसं नाही, भाडेपट्टा चालू ठेवायचा इरादा दिसला पाहिजे.

हा इरादा पावतीवरून दिसतो. म्हणून ती अशी लिहा:

‘रु. ६,००० मिळाले. ही रक्कम १९ जुलैपासूनच्या वापराची नुकसानभरपाई म्हणून, नोटिशीतले सर्व हक्क राखून घेतली आहे. भाडेपट्टा पुढे चालू नाही.’

खाली तारीख, सही. दुसऱ्या प्रतीवर भाडेकरूची सही. पैसे ऑनलाइन आले तर हाच मजकूर त्याच दिवशी मेसेजने पाठवा आणि स्क्रीनशॉट जपा.

घोटाळा बहुतेक वेळा घरातूनच होतो. मालक गावाला गेलेला, पोराने नेहमीच्या पुस्तकातून ‘ऑगस्टचं भाडं’ म्हणून पावती फाडून दिली. ते पुस्तक कुलपात ठेवा. भाडं वाढवून मागू नका, पुढच्या महिन्यांचे चेक घेऊ नका. वकिलाला न विचारता दुसरी नोटीसही धाडू नका; त्याने पहिली सोडून दिल्यासारखं होतं, हेही कलम ११३ च्याच उदाहरणात आहे. नळ किंवा लाइट तर मुळीच तोडू नका, १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २९ खाली भाडेकरू कोर्टातून ते परत जोडून घेईल.

आणि पावत्या बरोबर आहेत म्हणून वर्षभर बसून राहू नका. मुदत संपल्यावर लगेच दावा लावा आणि ताब्याबरोबर ताबा मिळेपर्यंतची वापर-भरपाईही मागा. घेतलेली रक्कम त्यातून वजा होते.