ट्राउट आणि बाससाठी हलका फायबरग्लास स्पिनिंग रॉड कसा निवडायचा

नागपुरात बसून ट्राउट माशासाठी गळाचा रॉड घ्यायचा म्हटलं की घरातूनच आवाज येतो, इथं कुठं आहेत बापा ट्राउट. बरोबर आहे, अंबाझरीत किंवा गोरेवाड्यात ट्राउट मिळणार नाही, त्याला थंड वाहतं पाणी लागतं आणि आपला मे महिना सगळ्यांना माहीतच आहे. पण हिमाचलात तीर्थन नाहीतर बियास नदीकडे फिरायला जाणारे बरेच आहेत, आणि बास म्हणजे लार्जमाउथ बास तो मूळचा अमेरिकेतला, तर तिकडे पोरगा-पोरगी असलेले लोक दोन-तीन महिने राहायला जातात तेव्हा शेजारच्या तळ्यावर वेळ चांगला जातो. असा एक रॉड घेऊन ठेवला तर उरलेलं वर्ष इथं तिलापिया आणि लहान रोहूवरही चालतो. कोकणातल्या जिताड्याला सी बास म्हणतात, तो वेगळा मासा आणि जबरदस्त ताकदीचा, त्याच्यासाठी हा रॉड नाही.

आधी फायबरग्लासच काहून ते समजून घ्या, नाहीतर दुकानदार कार्बनचा हातात देईल आणि तो हलका लागतो म्हणून तुम्ही घेऊनही टाकाल. कार्बन ताठ असतो, लाइनला बारीक टोच लागली तरी बोटाला कळते. ग्लास थोडा जड, टोच तेवढी कळत नाही, पण तो टोकापासून पार मधल्या भागापर्यंत वाकतो आणि आपल्याला तेच पाहिजे. ट्राउटला वापरतात ते छोटे स्पिनर म्हणजे गरगर फिरणाऱ्या पात्याचं नकली आमिष, त्यांना तीन काट्यांचा बारीक गळ असतो, लाइनही नाजूक, आणि मासा पाण्याबाहेर उड्या मारतो, मान झटकतो. ताठ रॉडवर अशा वेळी गळ तोंड फाडून निघतो नाहीतर लाइन तरी तुटते. ग्लास तो झटका पिऊन घेतो. बाससाठी क्रँकबेट म्हणजे पाण्यात डुबकी मारत थरथरत येणारं प्लास्टिकचं मासोळं ओढताना तिकडचे पट्टीचे लोक आजही ग्लास वापरतात, कारण माशाने ते तोंडात घेतलं की रॉड लगेच हिसकत नाही, त्याला नीट गिळायला क्षणभर मिळतो.

आता उलटी बाजू. गवतात रबरी किडा टाकून एकाच मोठ्या गळावर बास मारायचा असेल तर हलका ग्लास रॉड कामाचा नाही, तिथं गळ रुतवायला ताठपणा लागतो. आपल्या मरळीचंही तेच, ती गळाला लागली की थेट बेशरमच्या झुडपात घुसते आणि हा रॉड नुसता वाकून राहील, ती काही बाहेर यायची नाही.

निवडायला सुरुवात करा रॉडवर छापलेल्या आकड्यांपासून, रंग-बिंग नंतर. हँडलच्या वर बारीक अक्षरात लाइनची ताकद आणि ल्यूरचं, म्हणजे नकली आमिषाचं, वजन लिहिलेलं असतं. लाइन ४ ते ८ पाउंड आणि ल्यूर १/१६ ते १/४ औंस, म्हणजे साधारण २ ते ७ ग्रॅम, असं दिसलं की तो आपला रॉड. शेजारी ‘लाइट’ लिहिलेलं असेल. ‘अल्ट्रालाइट’ फक्त ट्राउटला मजा देतो पण बासला कमी पडतो, दोन्हीला एकच घ्यायचा तर लाइटच. आणि हे ध्यानात ठेवा की लाइट-मीडियम म्हणजे रॉडचा जोर, आणि फास्ट-स्लो म्हणजे तो कुठून वाकतो. ग्लास बहुतेक स्लो किंवा मॉडरेटच असतो, त्यात काही खोट नाही.

लांबी: अरुंद नाला, वर झाडं, तर ५ ते ५.५ फूट. तळं किंवा रुंद नदी असेल तर ६ ते ६.५. एकच घ्यायचा तर ६ फूट, दोन तुकड्यांचा. सातच्या वर ग्लास टोकाला जड होतो, तासाभरात मनगट बोलायला लागतं.

बाजारात स्वस्तातले टेलिस्कोपिक रॉड भरपूर, एकात एक सरकणारे. गाडीच्या डिकीत मावतात म्हणून लोक घेऊन राहिले, पण प्रत्येक जोडाजवळ वाक अडखळतो आणि हलका ल्यूर दूर जात नाही. दोन तुकड्यांचा मात्र ३ फुटांच्या वर होतो, सुटकेसमध्ये सहसा बसत नाही, म्हणून हार्डवेअरच्या दुकानातून पीव्हीसी पाइपचा तुकडा आणि दोन टोप्या आणा, ट्रेनमध्ये सीटखाली टाकून निवांत. पाइप ऊन्हात उभ्या गाडीत मात्र सोडू नका, आपल्या उन्हाळ्यात लाइन ओवायच्या रिंगांवरचा आणि हँडलमधला गोंद सुटू शकतो.

ब्रँडचं म्हणाल तर शेक्सपिअर कंपनीचा अग्ली स्टिक १९७६ पासून आहे, त्यात ग्लास आणि ग्रॅफाइट म्हणजे कार्बनच मिसळलेलं असतं, आपटला-धोपटला तरी टिकणारा. ईगल क्लॉचा पिवळा फेदरलाइट हा अगदी जुन्या वळणाचा ग्लास, सावकाश वाकणारा, अमेरिकेहून कोणी येत असेल तर मागवायला हरकत नाही. ‘एस-ग्लास’ लिहिलेला दिसला तर तो साध्या ‘ई-ग्लास’पेक्षा ताठ आणि त्यामुळे हलका बनवता येतो. आतून भरीव रॉड टिकतो खूप पण जड, पोकळ जास्त चपळ.

दुकानात हे नक्की करा. जोडून टोक एका डोळ्याने बघा, रिंगा एका रेषेत आहेत का. मग जोड हलवा, खडखड व्हायला नको. मग थोडा कापूस घेऊन (कापसाच्या मुलखात राहतो आपण, काही कमी नाही) प्रत्येक रिंगमधून आतून फिरवा, धागा अडकला म्हणजे तिथं चीर आहे आणि ती चीर तुमची लाइन कापणार. शेवटी दुकानदाराला टोक धरायला सांगून हळू वाकवा, वाक सलग गोल यायला हवा, मध्येच कोपरा दिसला तर तो रॉड ठेवून द्या.

स्पिनिंग रील, म्हणजे रॉडच्या खाली लटकणारी लाइनची चकरी, १००० किंवा २००० साइजची घ्या, त्यावर नको. रॉडला लावून हँडलच्या पुढे एका बोटावर तोला, टोक खाली धपकन गेलं तर हात दुखणारच. ६ पाउंडाची नायलॉन लाइन भरा आणि ड्रॅग, म्हणजे मासा ओढतो तेव्हा लाइन किती जोराला सुटेल ते ठरवणारा रीलचा ब्रेक, बॅग तोलायच्या काट्याने लावा, ६०० ते ७०० ग्रॅमला लाइन सुटली पाहिजे, म्हणजे लाइनच्या ताकदीच्या पाव भाग.

फेकताना झटका देऊ नका. मागे न्या, रॉड वाकू द्या, मग पुढे. कार्बनची सवय असलेल्यांचे पहिले दोन-चार ल्यूर पायाशीच पडतात. नागपूर-रामटेककडच्या तलावांवर बऱ्याच ठिकाणी मासेमारी सोसायटीचा ठेका असतो, काठावरच्या माणसाला विचारूनच गळ टाका, आणि पेंचच्या जंगलातल्या पाण्यात तर बिलकुल नाही. हिमाचलात मत्स्य विभागाचं लायसन्स लागतं आणि हिवाळ्यात ट्राउटला बंदी असते, तिकीट काढायच्या आधी ते बघा.