ओल्या लोकरीचा नमदा: खानदेशात घरी करावयाची रीत

खानदेश हा कापसाचा मुलूख असल्यामुळे नमदा, म्हणजे लोकर न विणता ओली चोळून घट्ट जमवलेले जाड कापड, शिकू पाहणाऱ्याचा हात साहजिकच आधी कापसाकडे जातो. परंतु कापसाच्या तंतूवर खवले नसतात, म्हणून तो कितीही चोळला तरी जमत नाही. लोकरीच्या तंतूवर सूक्ष्म खवले असतात, त्यामुळे साबणाच्या गरम पाण्यात चोळताना तो एका बाजूने सरकतो, उलट फिरताना अडकतो आणि शेजारच्या तंतूंत कायमचा गुंतत जातो. धुळे-नंदुरबारकडील ठेलारी मेंढपाळांच्या कळपांतली लोकर भरड असते, सावकाश जमते आणि अंगाला टोचते. तरीही आसनासाठी किंवा भिंतीवरील चित्रासाठी तिचा काळा-करडा रंग मला फार देखणा वाटतो. पहिल्या कामाला मात्र मेरिनो जातीच्या मेंढीची मऊ लोकरच घ्यावी.

आधी १० सेंटिमीटर चौरसाचा नमुना करून लोकर किती आटते ते मोजावे. ती ३५ टक्के आटत असेल, तर ३० सेंटिमीटरच्या चित्रासाठी सुमारे ४६ सेंटिमीटरची मांडणी लागते. चित्राची कल्पनाही या आटण्यासकटच करावी लागते: बारीक रेघ वाकडी होते, कडा पुसट होतात, आणि तळातील तंतू वर येऊन वरचा रंग मंदावतो. म्हणून केळीचे पान किंवा पळसाचे फूल काढताना बारकाव्यांच्या मागे न लागता ठळक आकार आणि अपेक्षेपेक्षा गडद रंग निवडावेत.

पिंजलेल्या लोकरीचे विरळ पापुद्रे एक थर उभा, एक आडवा असे तीन-चार वेळा पसरावेत, त्यावर रंगीत लोकर मांडावी आणि मच्छरदाणीची जाळी झाकावी. बोअरच्या जड पाण्याला फेस येत नाही. साठवलेले पावसाचे पाणी उत्तम. साबणाचे गरम पाणी शिंपडून हवा दाबून काढावी व बोटांनी अगदी हलके चोळावे, कारण इथे घाई केली की चित्र सरकते. जाळी अधूनमधून सोडवावी, नाहीतर तंतू तिच्यातून वर येतात.

चिमटीत धरल्यावर तंतू सुटा येईनासा झाला, की तुकडा बांबूच्या चटईत गुंडाळून लाटावा. तो लाटण्याच्या दिशेने अधिक आटतो. म्हणून दर वेळी दिशा बदलावी. पोत दाणेदार झाला आणि ओढूनही ताणेना, की थांबावे. साबण पूर्ण धुऊन शेवटच्या पाण्यात चमचाभर व्हिनेगर घालावे आणि कडा हाताने सरळ करून सावलीत सपाट वाळवावे.