पहिली हिप-हॉप बीट: पाच आवाज, दोन बार आणि रॅपरसाठी मोकळी जागा

हिप-हॉपची बीट करायला वाद्य वाजवता यायलाच हवं असं नाही. एक कॉम्प्युटर, एखादं म्युझिक प्रॉडक्शन सॉफ्टवेअर, बऱ्यापैकी हेडफोन आणि हातात घेतलेलं आजच संपवायचं हा हट्ट, एवढं पुरे. यातला हट्टच सगळ्यात अवघड. सॉफ्टवेअर उघडलं की समोर ड्रमचे शेकडो आवाज येतात आणि त्यातली ‘ती’ किक शोधता शोधता संध्याकाळ संपते. म्हणून इथे पाचच आवाज घ्यायचे: किक (खालचा जाड ठोका), स्नेअर (टणक ठोका), हाय-हॅट (झांजांची बारीक टिकटिक), बेस (खर्जातले सूर) आणि एक इलेक्ट्रिक पियानो. वेग ९० बीपीएम, म्हणजे मिनिटाला ९० मात्रा. धाटणी बूम-बॅप, म्हणजे १९९० च्या दशकातल्या न्यूयॉर्कची. ट्रॅप या दुसऱ्या धाटणीचं थोडं शेवटी येईल.

सॉफ्टवेअर

मॅक असेल तर गॅरेजबँड फुकट मिळतं आणि बराच काळ पुरतं. नसेल तर ब्राउझरमध्ये चालणारं बँडलॅब किंवा मुक्त परवान्याचं एलएमएमएस घ्या. रीपर ६० दिवस पूर्ण स्वरूपात वापरून बघता येतं. बीट बनवणाऱ्यांचं एफएल स्टुडिओवर जुनं प्रेम आहे. ते सुरुवातीला फ्रूटीलूप्स नावाचं साधं स्टेप सिक्वेन्सर, म्हणजे घरं भरून ठोके मांडायचं साधन होतं, त्यामुळे ड्रम मांडायला आजही हाताशी येतं. फक्त त्याच्या चाचणी आवृत्तीत सेव्ह केलेला प्रोजेक्ट पुन्हा उघडून काम पुढे नेता येत नाही. एका बैठकीत संपवायचं आणि ऑडिओ बाहेर काढून ठेवायचा.

कोणतंही घ्या, चार खिडक्या सगळीकडे सापडतात: ड्रम मांडायची ग्रिड, सूर मांडायचा पियानो रोल, तुकडे एकापुढे एक ठेवायची टाइमलाइन आणि आवाज कमी-जास्त करायचा मिक्सर. या चारही सापडेपर्यंत बाकीच्या बटणांकडे बघू नका. मिडी कीबोर्ड (कॉम्प्युटरला जोडायच्या पट्ट्या) विकत घ्यायची घाईही नको. पहिल्या काही बीट माउसने छान होतात.

आधी ड्रम

नवा प्रोजेक्ट उघडा, वेग ९० करा, ताल चारचा, म्हणजे ४/४ ठेवा. ग्रिडवर एका बारची, म्हणजे चार मात्रांच्या आवर्तनाची, १६ घरं दिसतील. १, ५, ९ आणि १३ या घरांवर चार मात्रा पडतात. पहिलं घर ही आपली सम.

मांडणी अशी करा.

१. स्नेअर ५ आणि १३ वर. हा बदलायचा नाही. मान डोलते ती याच दोन ठोक्यांवर.

२. किक १, ८ आणि ११ वर.

३. हाय-हॅट एक सोडून एक घरात: १, ३, ५, ७, ९, ११, १३, १५.

प्ले दाबा. बीट ओळखू येईल, पण निर्जीव वाटेल. आता हा बार कॉपी करून शेजारी ठेवा आणि दुसऱ्या बारमध्ये ८ वरची किक काढून १६ वर टाका. ही १६ वरची किक पुढच्या समेला ढकलून देते आणि लूप, म्हणजे पुन्हा पुन्हा वाजणारा तुकडा, आपल्या पायावर फिरायला लागतो. एका बारचा लूप लगेच कंटाळा आणतो, दोन बारचा बराच वेळ ऐकवतो. हा एवढासा फरक नवशिक्यांच्या कामात फार वेळा राहून जातो.

ड्रमपासून सुरुवात करण्यामागे या संगीताचा इतिहास आहे. ११ ऑगस्ट १९७३ रोजी ब्राँक्समधल्या १५२० सेजविक अॅव्हेन्यू या इमारतीतल्या पार्टीत डीजे कूल हर्क रेकॉर्ड वाजवत होता. नाचणारे कुठे उसळतात हे त्याने हेरलं होतं: गाणं थांबून फक्त ड्रम उरतो त्या काही सेकंदांत, म्हणजे ‘ब्रेक’वर. मग तो एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती दोन टर्नटेबलवर ठेवून तोच ब्रेक लांबवत न्यायचा. आपल्या स्क्रीनवर आत्ता फिरतो आहे तो लूप त्याच युक्तीचा वारस. ड्रमवर मान हलत नसेल तर वर कितीही सुरेल पियानो ठेवा, बीट उभी राहत नाही.

ठोके माणसासारखे करा

या पायरीवर सगळ्यात जास्त वेळ घालवा.

पहिली गोष्ट वेलॉसिटी, म्हणजे ठोका किती जोरात पडला. मिडीमध्ये, म्हणजे वाद्यं आणि सॉफ्टवेअर यांच्या सामायिक भाषेत, ती १ ते १२७ असते आणि माउसने टाकलेले सगळे ठोके सारख्याच जोराचे येतात. कोणताही ड्रमर आठही हाय-हॅट एका जोराने मारत नाही. मात्रेवरच्या हॅट (१, ५, ९, १३) १०० च्या आसपास ठेवा, मधल्या ६० ते ७० वर आणा. १० व्या घरात अगदी हलका, ३० च्या आसपासचा स्नेअर टाका. तो वेगळा ऐकू येता कामा नये. काढला की काहीतरी कमी झाल्यासारखं वाटलं पाहिजे.

दुसरी गोष्ट स्विंग. रॉजर लिन याने १९८० च्या एलएम-१ या ड्रम मशीनमध्ये आणि पुढे १९८८ मध्ये आकाई कंपनीसाठी घडवलेल्या एमपीसी६० या सॅम्पलर-ड्रम मशीनमध्ये ही सोय दिली. सम क्रमांकाची घरं (२, ४, ६, ८...) जराशी उशिरा वाजवायची, एवढंच ते तंत्र. एमपीसीच्या भाषेत ५० टक्के म्हणजे सरळ, ६६ टक्के म्हणजे जवळजवळ तिस्र जातीची लय. बूम-बॅपला ५४ ते ६० मध्ये कुठेतरी गोडी येते. हिशेब बघा: ९० बीपीएमला एक घर सुमारे १६७ मिलिसेकंदांचं असतं. ५८ टक्के स्विंगवर सम क्रमांकाच्या घरातला ठोका जेमतेम २७ मिलिसेकंद मागे पडतो, आणि तेवढ्यात सगळा डौल बदलतो. सॉफ्टवेअरगणिक आकड्यांची पद्धत मात्र वेगळी असते. काहींत सरळ लय ५० वर असते, काहींत शून्यावर. आकडा पाठ करू नका, कानाने ठरवा.

इथे बरेच जण अडकतात: स्विंग वाढवला तरी हाय-हॅट हलतच नाही. हलणार कशी? आपल्या हॅट सगळ्या विषम घरांत आहेत. स्विंग लागतो तो ८ आणि १६ वरच्या किकला आणि १० वरच्या हलक्या स्नेअरला. हॅटलाही तो हवा असेल तर ८ किंवा १६ व्या घरात एखादी हलकी हॅट टाकून बघा.

स्विंग सगळ्यांना एका मापाने मागे नेतो. याच्या पुढची पायरी म्हणजे ग्रिडचं स्नॅप (ठोका घरालाच चिकटवणारी सोय) बंद करून एकेक आवाज हाताने सरकवणं: स्नेअर केसभर उशिरा, किक जिथल्या तिथे. या डगमगत्या लयीचा उस्ताद म्हणजे बीट बनवणारा जे डिला. त्याची एमपीसी३००० आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. पण पहिल्या बीटमध्ये स्नेअरच्या पलीकडे काही सरकवू नका. सगळंच सरकलं की ते नुसतं बेताल वाटतं.

पियानो आणि बेस

ड्रम वाजत ठेवा आणि पियानो रोल उघडा. स्केल ए मायनर घ्या, कारण ते सगळं पांढऱ्या पट्ट्यांवर बसतं. (हार्मोनियमवाल्यांसाठी: ए हा सा धरला की आसावरी थाटाचे स्वर मिळतात.) पहिल्या बारवर ए, सी, ई, जी हे चार सूर एकत्र ठेवा. दुसऱ्या बारवर एफ, ए, सी, ई. झालं. दोन कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांचे दोन गट, पुरतात. तीन सूर तर दोन्हींत तेच आहेत, म्हणून एकातून दुसरीत जाताना खडखडाट होत नाही. कॉर्ड समेवर पडू द्या, ११ व्या घरात पुन्हा हलकेच दाबा आणि बाकीची जागा मोकळी सोडा.

आवाज फार स्वच्छ वाटतो का? जुन्या बीटचा खरखरीतपणा यंत्रांच्या मर्यादेतून आला आहे. १९८७ च्या ई-म्यू एसपी-१२०० या मशीनमध्ये सगळे मिळून दहाएक सेकंदांचंच सॅम्पल, म्हणजे रेकॉर्ड केलेला तुकडा, मावायचं, तेही १२ बिटचं, म्हणजे कमी बारकाव्याचं. जागा वाचवायला लोक मिनिटाला ३३ फेऱ्यांची रेकॉर्ड ४५ फेऱ्यांवर फिरवून भरून घ्यायचे आणि मशीनमध्ये तिचा वेग पुन्हा खाली ओढायचे. त्या ओढाताणीत आवाजाला जी काजळी धरली तीच पुढे शैली झाली. तुमच्याकडे बिटक्रशर (आवाज मुद्दाम खरखरीत करणारा इफेक्ट) असेल तर १२ बिटवर ठेवा, नसेल तर लो-पास फिल्टरने, म्हणजे फक्त खालचे स्वर जाऊ देणाऱ्या चाळणीने, वरची चकाकी थोडी कापा. तेवढ्याने पियानो ड्रमच्या मागे जाऊन बसतो.

बेसला साधा साइन वेव्ह, म्हणजे उपस्वर नसलेला शुद्ध आवाज, चालतो. पहिल्या बारमध्ये ए, दुसऱ्यात एफ. ए घ्यायचा तो ५५ हर्ट्झचा, एफ त्याच्याही खालचा, सुमारे ४४ हर्ट्झचा. बेसचे सूर किक जिथे पडते तिथेच सुरू करा, म्हणजे दोघं एका पावलाने चालतील. दोघांची जागा एकच असल्यामुळे खाली गुरगुर झाली तर किकचा लांबलेला शेपटा कापा. साइडचेनची (किक पडली की बेस आपोआप दबवणारी) जुळणी नंतर शिकता येईल. शेपटा कापणं आजच जमतं.

हे खालचे सूर लॅपटॉपच्या स्पीकरवर जवळपास ऐकूच येत नाहीत. बेस गायब झाला म्हणून त्याचा आवाज वाढवत नेला तर हेडफोनवर कानठळ्या बसतील. त्यापेक्षा बेसवर थोडं सॅच्युरेशन, म्हणजे आवाजाला किंचित खरखर देणारा इफेक्ट, लावा. त्याने ११०, १६५ हर्ट्झवर उपस्वर तयार होतात आणि लहान स्पीकरवरही कानाला बेसचा माग लागतो.

कुणाच्या गाण्याचा तुकडा कापून वापरायचा मोह होईलच, हिप-हॉप त्यावरच वाढलं. शिकण्यासाठी खुशाल कापा. प्रसिद्ध करायचं असेल तर परवानगी लागते: १९९१ मध्ये ‘ग्रँड अपराइट विरुद्ध वॉर्नर’ खटल्यात अमेरिकन न्यायालयाने बिनपरवाना सॅम्पलिंगविरुद्ध निकाल दिला आणि तिथून सगळा धंदाच सावध झाला. रॉयल्टी-फ्री पॅक घेतला तरी त्याचा परवाना वाचा. काहींत विक्रीवर अटी असतात.

लूपचं गाणं

आता टाइमलाइन. एक सरधोपट आराखडा घ्या: सुरुवात ४ बार, अंतरा (रॅपचा भाग) १६, हुक (धृपदासारखा परत येणारा भाग) ८, पुन्हा अंतरा १६, हुक ८, शेवट ४. एकूण ५६ बार, ९० बीपीएमला सुमारे अडीच मिनिटं.

सगळ्या ५६ बारवर सगळं पसरवून टाका आणि मग खोडत चला. सुरुवातीला पियानो एकटा. अंतऱ्यात ड्रम आणि बेस पूर्ण, पियानो मात्र फक्त समेवर. हुकमध्ये पियानो पूर्ण उघडा, १५ व्या घरात ओपन हॅट (झांज उघडी ठेवून लांबणारा आवाज) टाका. हुकच्या आधीच्या बारचा उत्तरार्ध, ९ ते १६, पूर्ण शांत करा. ती पोकळी कोणत्याही महागड्या इफेक्टपेक्षा जास्त काम करते. साधारण दर चार बारला काहीतरी एक निघालं किंवा आलं पाहिजे. एक हॅट गेली तरी चालेल.

अंतरा तुम्हाला रिकामा वाटेल. वाटू द्या. तिथे अजून एक माणूस यायचा आहे. अंतऱ्यावर बासरीची धून चढवणं हा बीटवाल्यांचा आवडता अपराध आहे; मग रॅपरने शब्द ठेवायचे कुठे? खात्री करायची असेल तर लूप लावा आणि कुठलाही मजकूर, अगदी बातमीसुद्धा, तालात मोठ्याने वाचा. जिथे तुमचा आवाज वाद्याशी भांडतो तिथलं वाद्य काढा.

मिक्स आणि एक्स्पोर्ट

मिक्सरमधले सगळे फेडर (आवाजाच्या सरकपट्ट्या) खाली ओढा. किक वर आणा, तिचं टोक उणे १० डेसिबलच्या आसपास ठेवा. मग स्नेअर किकच्या बरोबरीने, बेस किकच्या जरा खाली, पियानो त्याहून खाली आणि हॅट वाटते त्यापेक्षा हळू. पियानोवर हाय-पास फिल्टर (फक्त वरचे स्वर जाऊ देणारी चाळणी) लावून १५० हर्ट्झच्या खालचं कापा, ती जागा बेसची. किक, स्नेअर आणि बेस मधोमध ठेवा. मास्टरचा, म्हणजे सगळ्यांच्या एकत्र आवाजाचा, मीटर उणे ६ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका आणि लिमिटर (आवाजाची टोकं दाबून तो मोठा करणारा इफेक्ट) लावून आवाज फुगवू नका. रॅपरचा आवाज रेकॉर्ड करणाऱ्याला ती मोकळीक लागते.

एक्स्पोर्ट २४ बिट, ४४.१ किलोहर्ट्झ वेव्ह फाइलमध्ये करा. ऐकायला पाठवायची तर एमपी३ चालेल. फाइलच्या नावात बीपीएम आणि स्केल लिहा. बीट कुणाला रेकॉर्डिंगसाठी देणार असाल तर प्रत्येक ट्रॅकची वेगळी फाइल, म्हणजे स्टेम्स, काढा. सगळ्या पहिल्या बारपासून सुरू होणाऱ्या हव्यात, आवाज नंतर येत असला तरी; नाहीतर समोरच्याला त्या जुळवत बसावं लागतं.

ट्रॅप करायचा असेल तर याच प्रोजेक्टची कॉपी करा. वेग १४०, स्नेअर फक्त ९ वर, म्हणजे लय निम्म्या वेगाची भासेल. हॅट तशाच ठेवून एखाद्या जागी त्यांचे रोल, म्हणजे बारचे ३२ भाग धरून भरभर पडणारे ठोके, टाका. साइन बेसच्या जागी ८०८ येईल. रोलंडच्या टीआर-८०८ या मशीनमधली, १९८० ते १९८३ च्या उत्पादनातली, लांबवलेली किक सुरात बांधून तोच बेस म्हणून वापरतात. पियानो रोलवर तिचा सूर ए आणि एफशी जुळतो आहे ना ते कानाने तपासा, कारण पॅकमधलं ८०८ कोणत्याही सुरात असू शकतं. दोन सूर एकमेकांवर चढू नयेत म्हणून त्या ट्रॅकला मोनो मोड (एका वेळी एकच सूर) लावा, आणि एफवर उतरताना थोडी ग्लाइड, म्हणजे मींड, द्या.