बहिऱ्या माणसाशी बोलताना या चुका टाळा

गणपतीत घर भरलेलं असतं. मुंबईचे चाकरमानी आलेले असतात, ओटीवर गप्पांना ऊत येतो, आणि घरातला बहिरा माणूस कोपऱ्यात मोबाईल घेऊन बसलेला असतो. सगळे एकदम हसले की तो शेजारच्याच्या खांद्याला हात लावून विचारतो, काय झालं? उत्तर ठरलेलं: "काय नाय, मगे सांगतंय." ते मगे कधी येत नाही. रत्नागिरीपासून वेंगुर्ल्यापर्यंत शिकल्यासवरलेल्या घरांतही मी हेच बघत आले आहे, आणि आता मला त्याचा राग येतो. विनोद अर्धामुर्धा कळला तरी चालेल, पण तो त्याच क्षणी कळला पाहिजे. माझी सवय अशी की, मी त्याच्या समोर बसते आणि हसू ओसरायच्या आत दोन खुणांत विषय पोचवते. बाकीच्यांना तेवढा वेळ थांबायला लावते. थांबतात.

त्याच्याबद्दल बोलणं, त्याच्याशी नाही

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. भातलावणीच्या दिवसांत माझ्या मामेभावाला ताप आला. वहिनी त्याला कुडाळजवळच्या एका दवाखान्यात घेऊन गेली. मी सोबत होते. डॉक्टरांनी त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि मग वहिनीलाच विचारलं, "याला ताप कधीपासून?" वहिनी म्हणाली, "दोन दिस झाले." खोकला? नाही. जुलाब? नाही. तोंडाला मास्क, नजर कागदावर, चिठ्ठी लिहायला सुरुवातही झाली. ज्याला ताप आला होता तो माणूस मध्ये बसून दोघांची तोंडं बघत होता.

मी चिठ्ठी थांबवली आणि त्याला खुणांनी विचारलं. त्याने चार बोटं दाखवली. मग दोन्ही पोटऱ्या दाबून तोंड वेडंवाकडं केलं, डोळ्यांकडे बोट केलं, पाय वर करून टाचेची जखम दाखवली. त्याच टाचेने तो चिखलात उभा राहून लावणी करत होता. चार दिवसांचा ताप, लाल डोळे, पोटऱ्या दुखणं आणि उघड्या जखमेने शेतातल्या पाण्यात वावर, एवढं कळल्यावर कोकणातल्या कुठल्याही डॉक्टरला पुढचं सांगावं लागत नाही. उंदराच्या लघवीतून पाण्यात उतरणारा जंतू जखमेतून अंगात जातो. रक्त तपासलं, लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) निघाला. वेळेत गोळ्या मिळाल्या म्हणून तो बरा झाला.

वहिनी खोटं बोलली नव्हती. तिला दिसला तेवढा ताप तिने सांगितला. दुखणं त्याचं होतं, प्रश्नही त्यालाच विचारायला हवा होता. सोबत कोणीही असो, दुभाषा असला तरी, नजर बहिऱ्या माणसाकडे ठेवा आणि "तुला काय होतंय" असं त्यालाच विचारा. खुणा येत नसतील तर मास्क खाली घ्या, कागद घ्या, बोटं दाखवा, शरीराचं चित्र काढा. पाच मिनिटं जास्त जातात, ती द्यायची.

ओरडणं

नसेच्या बहिरेपणात आवाज वाढवला तरी शब्द स्पष्ट होत नाही. उलट तोंड वाकडं होऊन ओठ वाचता येत नाहीत, आणि समोरच्याला वाटतं तुम्ही रागावलात. मुळात ओठांवरून सगळं कळतं हाच गैरसमज आहे. पाळ, बाळ, माळ हे तिन्ही ओठांवर सारखेच दिसतात. क, ग दिसतच नाहीत. तोंडात तंबाखू असेल तर विषयच संपला.

पाठीमागून हाक मारू नका. खांद्याला हलका हात लावा. लाकडी माळ्यावर किंवा होडीच्या फळीवर पाय आपटला तर कळतो, सारवलेल्या जमिनीवर नाही.

खिडकीकडे पाठ करून बसू नका, चेहरा काळा दिसतो.

पावसात वीज गेली की संभाषण मरतं. मी बॅटरी जवळ ठेवते आणि उजेड स्वतःच्या चेहऱ्यावर आणि हातांवर पाडते, त्याच्या डोळ्यांत नाही.

आठवड्यात खुणा शिकणं

शिकायला येणारे पहिल्या दिवशी दोन हातांची ए टू झेड मुळाक्षरं पाठ करतात आणि दुसऱ्या दिवसापासून एकेक अक्षर जोडून आख्खी वाक्यं बोलायला लागतात. बोटांची अक्षरं माणसांच्या, गावांच्या नावांसाठी. भाषा वेगळी आहे, तिला स्वतःचं व्याकरण आहे. "तू कुठे जातोस" हे खुणांत तू, जाणे, कुठे या क्रमाने येतं. प्रश्नाची खूण शेवटी, आणि सोबत भुवयांची हालचाल. चेहरा कोरा ठेवून केलेली खूण म्हणजे सूर काढून टाकलेलं बोलणं. भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राचा शब्दकोश २०२१ मध्ये दहा हजार शब्दांचा झाला, त्याचे व्हिडिओ फुकट बघायला मिळतात. जरूर बघा. पण बोलायला शिकायचं तर बहिऱ्या माणसांत जाऊन बसा, आणि ते दुरुस्त करतात तेव्हा घाई न करता पुन्हा करा. इथे जवळची वाट नाही.

"लिहून दिलं की झालं" हेही धरून चालू नका. खुणांत वाढलेल्या अनेकांना मराठी ही दुसरी भाषा असते. वाक्य छोटं ठेवा.

मुलाला खुणांपासून लांब ठेवणं

"खुणा शिकला तर बोलणार नाही" ही भीती आईवडिलांना आजही घातली जाते. १८८० मध्ये बहिऱ्यांच्या शिक्षणावरच्या मिलानच्या परिषदेने शाळांतून खुणांची भाषा हटवण्याचा ठराव केला. तो २०१० मध्ये व्हँकुव्हरच्या परिषदेने अधिकृतपणे नाकारला. मधल्या १३० वर्षांत किती मुलं भाषेविना वाढली! खुणांमुळे वाचा अडत नाही. कानाचं मशीन लावा, बोलण्याचा सराव करा आणि खुणाही शिकवा, तिन्ही एकदम.

मशीन पावसाळ्यात खराब होणं

आपल्याकडची दमट हवा आणि घाम कानाच्या मशीनचा शत्रू. नळीत पाणी साचलं की आवाज तुटतो. चुलीजवळ ठेवणं, उन्हात टाकणं, तांदळात पुरणं, तिन्ही बंद करा. उष्णतेने मशीन बिघडतं आणि तांदळाची भुकटी आत जाते. रोज रात्री सेल काढून मशीन सिलिका जेलच्या घट्ट झाकणाच्या डबीत ठेवा. शिट्टी वाजत असेल तर आधी मोल्ड (कानात बसणारा साचा) नीट बसलाय का, कानात मळ आहे का ते पाहा, लगेच नवं मशीन घ्यायला धावू नका. सेलची चिकटपट्टी आधीच सोलून ठेवू नका: हवा लागली की सेल चालू होतो आणि पट्टी परत लावली तरी त्याचं उतरणं थांबत नाही. सोलल्यावर मात्र दोन-चार मिनिटं तसाच ठेवून मग मशीनमध्ये घाला.