गंधार गाळा, मग पेडलला हात लावा

मिरजेत सतारमेकर गल्लीच्या मागं आमचं घर. सकाळी दात घासताना कुठल्या तरी दुकानातून तंबोऱ्याची जवारी काढत असल्याचा, म्हणजे तारेचा झंकार जुळवत असल्याचा आवाज यायचा आणि संध्याकाळी मी ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायला जायचो. एकदा बसमध्ये आमच्या कीबोर्डवाल्यानं 'द पोलिस'ची कॅसेट लावली. तीनच माणसं, त्यात अँडी समर्सची गिटार. पितळी तांब्यातल्या पाण्यावर ऊन पडलं की छताला कसा उजेड हलतो, तसा तो सूर. हा बँड १९८०च्या मार्चमध्ये मुंबईत होमी भाभा ऑडिटोरियममध्ये वाजवून गेला होता, पण तेव्हा मी पाटीवर गमभन गिरवत होतो.

तो सूर काढायच्या नादात मी आधी पेडलं, म्हणजे गिटारीचा आवाज बदलणाऱ्या पायाखालच्या डब्या घेतल्या. चार वर्षं फुकट गेली. तुम्ही उलट्या क्रमानं जा.

पहिल्यांदा कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजवायचे स्वर. नेहमीच्या मेजर कॉर्डमध्ये सा-ग-प असतात. समर्स पुष्कळदा त्यातला गंधार काढून टाकतो आणि पंचमावर आणखी एक पंचम चढवतो. म्हणजे सा, प आणि त्याच्या वरचा रे. 'मेसेज इन अ बॉटल' (१९७९) या गाण्याची सुरुवात अशाच आकारांवर उभी आहे. एक करून बघा. सहाव्या, म्हणजे सगळ्यात जाड तारेवर पाचवा फ्रेट (मानेवरचा आडवा पडदा), पाचव्या तारेवर सातवा, चौथ्या तारेवर नववा. पाश्चात्त्य नावांनी ए, ई, बी. एवढंच वाजवा आणि थांबा. ना हसरा, ना रडका, मोकळा वाटतो ना? गंधारच नाही, मग तो शुद्ध की कोमल हा प्रश्नच उरत नाही.

आता त्याच आकारात तिसऱ्या तारेवरचा सहावा फ्रेट जोडा. हा सी शार्प, म्हणजे गंधार आलाच, पण खालून नाही, वरून, रिषभाला खेटून. १९८३च्या 'एव्हरी ब्रेथ यू टेक'ची चाल या बोटांवर चालते. मग आख्खा हात खाली आणून २, ४, ६, २ धरा. तिथं कोमल गंधार रिषभापासून अर्ध्याच स्वरावर येतो आणि घंटेसारखी किणकिण सुटते. पेडल अजून पिशवीत आहे, लक्षात घ्या.

करंगळीला हे झेपत नाही. माझ्या तर मनगटात कळ यायची. उपाय साधा: आधीचा ५, ७, ९, ६ हा आकार वर, नवव्या फ्रेटपासून सुरू करा (९, ११, १३, १०), तिथं फ्रेट जवळजवळ असतात. आठवड्याला एकेक फ्रेट खाली या. अंगठा मानेच्या पाठीमागं मध्यावर ठेवा, वरून डोकावू देऊ नका.

उजव्या हाताचं काम याहून नाजूक. तळहाताची कड ब्रिजवर, म्हणजे गिटारीच्या घोडीवर जेमतेम टेकवायची. जास्त दाबली तर ठकठक, उचलली तर सगळ्या तारा एकमेकींत मिसळून चिखल. आणि प्रत्येक स्वर सारख्याच जोराचा हवा. ऑर्केस्ट्रात आम्हाला जोरात मारायची सवय, ती मोडायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला.

गिटारीचं फार मनावर घेऊ नका. समर्सची ती प्रसिद्ध टेलिकास्टर साठच्या दशकातली, मानेजवळ हमबकर, म्हणजे दोन कॉइलचा पिकअप (तारेची कंपनं पकडणारा भाग) बसवलेली. लॉस एंजेलिसमध्ये तो गिटार शिकवायचा, तेव्हा एका विद्यार्थ्याकडून दोनशे डॉलरला घेतली. माझी इथलीच नक्कल आहे. पिकअपचा स्विच मधे ठेवतो, म्हणजे दोन्ही पिकअप चालू. तारा मात्र नव्या हव्यात, दहाच्या सेटच्या, म्हणजे ज्यातली सगळ्यात बारीक तार ०.०१० इंचाची असते. आमच्याकडं मे महिन्यात घामानं तारा तीन आठवड्यांत मरतात, आणि मेलेल्या तारेतून चकाकी कुठलंच यंत्र काढून देत नाही.

अँपवर गेन (आत येणाऱ्या आवाजाचा जोर) खाली, मास्टर (बाहेर जाणारा आवाज) वर. जाड तार मोकळी सोडून जोरात मारा. जराही करकर आली तर गेन आणखी कमी करा. बास चार, मिडल पाच, ट्रेबल सहा यापासून सुरुवात करा. चटणी-मिठाचा अंदाज आहे, शपथ नाही.

आता पेडलं. क्रम असा: गिटार, कंप्रेसर, फ्लँजर, डिले, अँप.

कंप्रेसर जोराचा स्वर दाबतो आणि विझत चाललेला उचलून धरतो. समर्सकडं एमएक्सआरचा डायना कॉम्प होता, लाल डबी, दोनच बटणं. तुमच्याकडं कुठलाही असो, सेन्सिटिव्हिटी, म्हणजे दाबायचं प्रमाण, निम्म्याच्या आतच ठेवा. पूर्ण वर नेली की स्वराचं तोंडच कापलं जातं. शिवाय कंप्रेसर गुणगुणही उचलतो. सिंगल कॉइल, म्हणजे एकाच कॉइलच्या पिकअपची गिटार घेऊन जुन्या ट्यूबलाइटच्या चोकखाली बसलात तर सगळं घर घोंघावेल. खुर्ची फिरवून बघा, एका दिशेला आवाज बराच कमी होतो. तेवढ्यानं भागलं नाही तर घरातलं अर्थिंग तपासून घ्या, पेडलला शिव्या देण्याआधी.

फ्लँजरपाशी मी जरा रेंगाळणार. समर्सचा होता इलेक्ट्रो-हार्मोनिक्सचा इलेक्ट्रिक मिस्ट्रेस. त्यावर रेट, रेंज आणि कलर अशी तीन बटणं. मी ती सगळी वर नेली, तर विमान उतरल्यासारखा आवाज आला आणि आईनं स्वयंपाकघरातून विचारलं, मिक्सर बिघडला का म्हणून. हे यंत्र मला कळलं ते गल्लीतल्या एका कारागिराच्या दुकानात. तो तंबोऱ्याच्या घोडीवर (तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) तारेखाली सुताचा दोरा सरकवत होता. दोरा केसभर पुढं गेला की तारेतून एकेक वरचा स्वर उघडत जायचा. फ्लँजर विजेवर जवळपास हेच करतो. गिटारीच्या आवाजाची एक प्रत काही मिलिसेकंद मागं ठेवून मूळ आवाजात मिसळतो. त्यानं काही कंपनं एकमेकांना मारतात, काही वाढतात. मग ते अंतर हळूहळू कमी-जास्त करत राहतो, आणि दबलेल्या-उघडलेल्या स्वरांची ती रांग वर-खाली सरकते. म्हणजे दोरा कुणीतरी सतत हलवतंय.

जवारी काढणारा माणूस घाई करत नाही. रेट इतका कमी ठेवा की एक फेरा पाच-सहा सेकंदांत पुरा होईल. रेंज निम्मी, कलर अगदी थोडा. पेडल चालू आहे हे कळता कामा नये. बंद केल्यावर मात्र काहीतरी हरवल्यासारखं वाटलं पाहिजे. फ्लँजर नसेल तर कोरस नावाच्या पेडलवर काम भागतं, रेट तसाच मंद ठेवून. तो जास्त गोड लागतो, मला थोडा गुळचट वाटतो.

एक सांगायचं राहिलं. माझा पहिला फ्लँजर मीच जाळला, कीबोर्डचा अ‍ॅडॅप्टर लावून. बहुतेक पेडलांना नऊ व्होल्ट लागतात आणि पिनेचा मधला भाग निगेटिव्ह असतो. कीबोर्डचे अ‍ॅडॅप्टर पुष्कळदा उलटे. डबीवरचं चित्र वाचून मगच पिन लावा.

डिले म्हणजे प्रतिध्वनीचं पेडल. त्याचा हिशेब: मिनिटाचे ६०,००० मिलिसेकंद भागिले गाण्याची लय. मिनिटाला १२० ठोके असतील तर एका ठोक्याला ५०० मिलिसेकंद, आणि पाऊण ठोक्याला ३७५. मी पाऊण लावतो, प्रतिध्वनी दोन-तीनच, मूळ आवाजापेक्षा बरेच हळू. मग 'द पोलिस'च्याच 'वॉकिंग ऑन द मून'ची सुरुवातीची कॉर्ड मारा, डी मायनर इलेव्हन. मी ती अशी धरतो: पाचवी तार पाचवा फ्रेट, चौथी तिसरा, तिसरी पाचवा, पहिल्या दोन्ही तिसरा, सहावी तार गप्प. एकदा मारायची आणि हात बाजूला घ्यायचा. पुढची जागा बास आणि ड्रमची आहे. घरी एकटं वाजवताना ती जागा भरून टाकायचा मोह होतो, म्हणून मी मोबाइलवर तबल्याचा ठेका लावून बसतो आणि समेवर एक कॉर्ड मारून पुढची सम येईपर्यंत हात मांडीवर ठेवतो.