साताऱ्यात स्वयंपाकघराची फरशी तापवायची का?
डिसेंबरात पहाटे शहाबादीवर अनवाणी उभं राहून चहा ठेवला की टाचा बधिर होतात, हे खरं. पण साताऱ्यात हा छळ दोन-अडीच महिन्यांचा, तोही सकाळपुरता. आमच्या आईनं ओट्यापुढे गोणपाट टाकून प्रश्न मिटवलाय! महाबळेश्वर-पाचगणीला राहत असाल तर गोष्ट वेगळी. फरशीखालची विजेची मॅट चौरस मीटरला साधारण 150 वॅट घेते. ओटा, कपाटांखाली ती घालायची नसते; उभं राहायची 4 चौरस मीटर जागा धरली तर 600 वॅट, दोन तासांना जेमतेम सव्वा युनिट. म्हणजे बिलाचं एवढं नाही, खरा खर्च फरशी उखडण्याचा. ती बदलणारच असाल तरच विचार करा. ठरलेल्या तापमानाला मॅट बंद करणारा थर्मोस्टॅट आणि विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा आरसीसीबी मात्र हवेतच.